सुरती उंधियू: पाण्याशिवाय, थर लावून

उंधियू बिघडतं ते मसाल्यामुळे क्वचितच. बहुतेक घरांत ते बिघडतं कारण सगळ्या भाज्या एकदम पातेल्यात पडतात, वर पाणी ओतलं जातं आणि मग डावाने ढवळत बसतात. बटाटा कच्चा राहतो, वांगी फुटतात, केळं विरघळतं, पापडी काळपट होते. मग त्याला ‘मिक्स व्हेज’ म्हणायचं बाकी राहतं. सुरती पद्धतीत प्रत्येक भाजी आपल्या वेळेला आत जाते, आपला आकार राखून शिजते आणि शिजते ती तेल, स्वतःचा रस आणि वाफ यांवर.

हे समजायला मुळाशी जावं लागतं. दक्षिण गुजरातमध्ये, वलसाड-नवसारीच्या पट्ट्यात, आजही थंडीत हायवेच्या कडेला उबाडियुं मिळतं. डुंगरीजवळच्या टपऱ्या त्यासाठीच ओळखल्या जातात. मातीच्या मडक्यात कलार नावाचा उग्र वासाचा पाला अंथरायचा, त्यावर पापडी, कंद, रताळी, बटाटे भरायचे, तोंड त्याच पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या, पाचट, काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब नसतो. रायगडकरांना हे सांगायची गरज नाही: पेण-अलिबागकडची पोपटी याच घराण्यातली, फक्त तिथे भांबुर्ड्याचा पाला असतो आणि वालाच्या शेंगांबरोबर अंडी, कोंबडीही मडक्यात जातात. हा किनारा खाण्यापिण्यात तरी सलग आहे. उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. पारशांनीही, जे आपल्या परंपरेनुसार याच भागातल्या संजाणला उतरले, या मडक्यात मांस घालून आपला प्रकार केला.

शहरात आल्यावर मडकं पातेलं झालं आणि उपडेपण फक्त नावात उरलं (गुजरातीत ‘ऊंधुं’ म्हणजे उपडं). हिरवा मसाला, खोबरं, मेथीचे मुठिया, साखर ही सगळी सुरतेच्या स्वयंपाकघरातली भर. बटाटा, रताळं, मिरची आणि शेंगदाणा ही चारही पिकं अमेरिका खंडातून आलेली, म्हणजे आजचं ‘पारंपरिक’ उंधियू काही फार प्राचीन नाही. पापडी, कंद, वांगी आणि केळं हा त्यातला जुना गाभा. म्हणून काही गाळायचंच असेल तर बटाटा गाळा, पापडी नाही.

बाजारात काय बघायचं

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. उत्तरायणला, म्हणजे १४ जानेवारीला, आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला गुजरातेत पतंग, उंधियू आणि जिलेबी हे ठरलेलं. पण पापडी सर्वांत कोवळी आणि स्वस्त मिळते ती सणाच्या आठवडाभर आधी किंवा नंतर. १३ तारखेला बाजारात जाऊन भाव विचारू नका.

सुरती पापडी चपटी, पातळ, फिकट हिरवी असते. सुरतेत कतारगामची पापडी नावाजलेली; कतारगाम आता शहराचाच भाग आहे. शेंग वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर शिळी. दाणे बाहेरून फार फुगलेले दिसत असतील तर साल जून झालेली असते. मुंबई-पुण्यात पापडी न मिळाल्यास कोवळी वालपापडी चालते. रुंद घेवडा चालत नाही, त्याचा चोथा तोंडात राहतो.

कंद म्हणजे आपलं जांभळं कोनफळ. कापलेला तुकडा मागून घ्या, आतून गडद जांभळा आणि चिकट हवा. वांगी लिंबाएवढी, देठ हिरवा. बटाटे तीन सेंटिमीटरपेक्षा मोठे नकोत. केळी वेलची जातीची, पिवळी पण घट्ट, सालीवर काळे ठिपके नसलेली. तुरीचे ओले दाणे सोललेले घेतल्यास वास घेऊन बघा. पिशवीत कोंडून आंबूस झालेले सर्रास विकतात. हिरवा लसूण, म्हणजे पातीसकट ओला लसूण, याला खरा पर्याय नाही. सुका लसूण चौपट उग्र लागतो. अगदीच नाइलाज असेल तर पाच-सहा पाकळ्या आणि वाटीभर कांद्याची पात घ्या, पण चव वेगळी येणार हे धरून चाला.

सहा ते आठ जणांसाठी:

पापडी ५०० ग्रॅम, तुरीचे ओले दाणे १५० ग्रॅम, कोनफळ २५० ग्रॅम, रताळी २०० ग्रॅम, छोटे बटाटे २५० ग्रॅम, छोटी वांगी ८, वेलची केळी ४.
मसाल्याला: ओलं खोबरं १५० ग्रॅम, कोथिंबीर १५० ग्रॅम, हिरवा लसूण १०० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ६० ग्रॅम, आलं ४० ग्रॅम, धणे-जिरे पूड ३ मोठे चमचे, तीळ २ मोठे चमचे, शेंगदाण्याचा जाडसर कूट पाव वाटी, साखर दीड मोठा चमचा, हळद अर्धा लहान चमचा, मीठ २ लहान चमचे.
फोडणीला: शेंगदाणा तेल १५० मिली, ओवा १ लहान चमचा, हिंग अर्धा लहान चमचा, खायचा सोडा पाव लहान चमचा. शेवटी एक लिंबू.

तेल बघून दचकू नका. इथे पाणी नाही, त्यामुळे उष्णता आणि मसाला भाजीभर पोचवायचं काम तेलच करतं. १०० मिलीच्या खाली उतरलात की तळाची पापडी धरते आणि मग पाणी घालावंच लागतं. वाढताना वरचं तेल काढून ठेवता येतं. दुसऱ्या दिवशी त्यात वांग्याची भाजी करा. साखरेचंही तसंच. मराठी घरांत ती सर्रास गाळतात, पण इतक्या मिरचीला आणि लसणाला ती तोलून धरते. चमचाभर कमी करा, पूर्ण काढू नका.

आदल्या रात्री

पापडी निवडायला सर्वांत जास्त वेळ जातो, तासभर तरी. दोन्ही बाजूंचे दोर काढा. शेंग एका टोकाला किंचित उघडून आत बघा, अळी असते. शेंगा अख्ख्या ठेवा, फार लांब असतील तरच दोन तुकडे. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. ओली पापडी तेलात गेली की ती परतली न जाता उकडते.

मुठियाही आदल्या रात्री करून ठेवता येतात. दीडशे ग्रॅम मेथीची पानं (देठ नको) बारीक चिरा, त्यात १०० ग्रॅम जाडसर कणीक, ७५ ग्रॅम बेसन, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा आलं-मिरचीचं वाटण, अर्धा लहान चमचा हळद, तितकाच ओवा, एक चमचा तीळ, पाऊण लहान चमचा मीठ आणि चिमूटभर सोडा घाला. दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालून चोळा. मूठ वळली तर पीठ धरून राहिलं पाहिजे. पाच मिनिटं तसंच ठेवा, मेथीला पाणी सुटतं. त्यानंतरच अंदाज घेत दोन-तीन चमचे पाणी घाला. मळायचं नाही, फक्त गोळा जमवायचा. बोटाएवढ्या जाडीचे, चार सेंटिमीटर लांबीचे मुठिया मुठीत दाबून वळा. आपल्या मुटकुळ्यांसारखेच, फक्त वाफवायचे नाहीत, तळायचे.

मंद-मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं, गडद तपकिरी होईस्तोवर तळा. एक मोडून बघा. मध्ये ओलसर पिठूळ टिपका दिसला तर आच मोठी होती. तेलात फुटले तर पीठ सैल आहे, चमचाभर बेसन मिसळा. दगडासारखे झाले तर बेसन जास्त पडलं किंवा पीठ रगडून मळलं गेलं. नुसत्या बेसनाचे मुठिया उंधियूत कधीच नीट भिजत नाहीत, म्हणून कणीक जाडसरच हवी. लाडूसाठी मिळतं ते पीठ चालतं.

मसाला

कोथिंबीर आणि लसूण सुरीने बारीक चिरा. मिक्सरमध्ये घातलात तर पाणी सुटतं, मसाल्याची चटणी होते आणि ती वांग्यातून ओघळून तळाशी जळते. मिरची आणि आलं मात्र वाटा. कोथिंबिरीचे कोवळे देठ घ्या, सुगंध त्यांच्यात जास्त असतो. सगळं खोबऱ्याबरोबर हलक्या हाताने मिसळा. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, बोटाने टोचलं की विखरावा. सैल वाटलं तर शेंगदाण्याचा कूट वाढवा. मीठ अगदी भरायच्या वेळी घाला, कारण मीठ पडलं की कोथिंबीर पाणी सोडायला लागते.

लिंबू इथे नाही, शेवटी. पापडीचा हिरवा रंग आंबटाने जातो. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि भाजी लष्करी हिरवी दिसू लागते. भाजी स्वतःही शिजताना थोडं आम्ल सोडते. म्हणून पहिली पाच मिनिटं झाकण नको आणि म्हणूनच चिमूटभर सोडा. पण पाव चमच्याच्या वर जाऊ नका. सोडा जास्त झाला तर पापडीची साल गिळगिळीत होते आणि साबणासारखी चव येते, मग ती कशानेच जात नाही.

कोनफळ कापताना हाताला तेल लावा. त्यातल्या सूक्ष्म स्फटिकांनी खाज सुटते. सुटलीच तर चिंचेच्या कोळाने हात चोळा. अडीच सेंटिमीटरच्या फोडी करा, रताळ्याच्याही तेवढ्याच. बटाट्यांना आणि वांग्यांना देठाकडचा भाग अखंड ठेवून अधिक-चिन्हासारखा काप द्या. केळ्यांची साल ठेवूनच अर्धे तुकडे करा आणि प्रत्येकाला एक उभी चीर द्या. साल काढाल तर केळं नावालाही उरत नाही. चिरांमधून मसाला दाबून भरा. एक-तृतीयांश मसाला थरांसाठी बाजूला ठेवा आणि त्यातलीही एक मूठ अगदी शेवटासाठी राखा.

चुलीवर

जाड बुडाचं, २८ ते ३० सेंटिमीटर रुंद पातेलं घ्या, दोन्ही बाजूंना धरता येईल असं. अरुंद उंच भांड्यात थर जाड होतात, खालचं जळतं आणि वरचं कच्चं राहतं. कुकर नकोच. दोन शिट्ट्यांत पापडी आणि वांगी एकजीव होतात आणि उरतो लगदा.

तेल तापवा, ओवा तडतडला की हिंग, लगेच पापडी आणि तुरीचे दाणे. त्यावर सोडा आणि एक लहान चमचा मीठ. मोठ्या आचेवर झाकण न ठेवता पाच मिनिटं, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवत. डाव घालायचा नाही, आत्ताही नाही आणि पुढेही नाही. हलवायचं म्हणजे सुपात धान्य पाखडतात तसा झटका द्यायचा, खालचं वर येतं आणि काही मोडत नाही.

आच मंद करा. पापडीवर बटाटे, मग कोनफळ, मग रताळी, प्रत्येक थरावर मसाल्याची पखरण. काठ असलेली ताटली झाकून तिच्यात पाणी ओता. त्या पाण्यामुळे झाकण थंड राहतं, वाफ त्याला लागून थेंब होऊन परत खाली पडते. भाजीत पाणी न घालता ओलावा टिकवण्याची सगळी युक्ती एवढीच. ताटलीतलं पाणी आटलं की पुन्हा भरा. वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा पातेलं हलवा.

बटाट्यात सुरी घाला. अर्ध्यापर्यंत सहज गेली की वांग्यांची वेळ झाली. तिथे अडकत असेल तर आणखी पाच मिनिटं थांबा, घाईत वांगी टाकू नका. एकदा वांगी आत गेली की बटाट्यासाठी वेळ वाढवता येत नाही. बटाटे जरा मोठे असतील तर भरण्याआधी आठ मिनिटं वाफवून घेणं शहाणपणाचं. वांग्यांना दहा-बारा मिनिटं लागतात.

आता तळ बघा. मुठिया आत गेल्यावर ओलावा ओढून घेतात, आणि तळ कोरडा असेल तर करपल्याचा वास याच टप्प्यावर येतो. थोडा रस दिसत असेल तर उत्तम. नसेल तर पाव वाटी गरम पाणी कडेने सोडा. ही एवढीच सूट. मग मुठिया आणि केळी वर मांडा, उरलेल्या मसाल्यातली राखलेली मूठ सोडून बाकीचा पसरा, सात-आठ मिनिटं झाका. गॅस बंद केल्यावर झाकण पंधरा मिनिटं उघडू नका. मुठिया याच वेळेत आतून मऊ होतात. शेवटी लिंबू पिळा, राखलेला मसाला भुरभुरा, एक हलका झटका.

नीट जमलेल्या उंधियूत कडेला हिरवट तेल चमकतं, पापडी अख्खी दिसते, वांगं देठाला धरून उचललं तर तुटत नाही आणि मुठिया बोटाने दाबला की दबतो. वरून बारीक शेव आणि बाजूला पुरी-जिलेबी. याच दिवसांत सुरतेत पोंकही येतो, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, पण तो स्वतंत्र बेत.

केटरर बटाटे, रताळी आणि कोनफळ तळून घेतात आणि शेवटी पापडीत मिसळतात. यात काही फसत नाही, वेळ वाचतो, शंभर पानांना दुसरा मार्गही नाही. मात्र कोनफळाचा स्वतःचा गोडवा तेलात हरवतो, आणि जेवणानंतर जडपणा येतो. घरी आठ माणसांसाठी तळायचं काही कारण नाही.

बाकीच्या गुजरातचं उंधियू

गुजरात बाहेरून एक दिसतो, ताटात नाही. काठियावाडी उंधियू लाल असतं: लाल तिखट, सुका लसूण, खोबरं नाही किंवा नावापुरतं, तेलाचा तवंग असलेला रस्सा, आणि पुरीऐवजी बाजरीचा रोटला. ते करायचं तर हिरवा मसाला अर्धा करा, दोन मोठे चमचे तिखट आणि वीस पाकळ्या लसूण वाटून घाला, दोन टोमॅटो परता आणि पापडी शिजल्यावर दोन वाट्या गरम पाणी ओता. टोमॅटोमुळे पापडीचा रंग जाईल, पण लाल रश्शात तो कोण बघतो. साखर गाळा किंवा चिमूटभर गूळ घाला. सुरती माणसाला हे उंधियू वाटत नाही, काठियावाड्याला सुरतेचं गोड वाटतं. दोघांना एका पंगतीला बसवणार असाल तर सुरती करा आणि लसणाची लाल चटणी बाजूला ठेवा.

जैन पाहुण्यांसाठी नुसता लसूण वगळून भागत नाही. बटाटा, रताळं, कोनफळ, ओलं आलं ही सगळी जमिनीखालची, ती जातात. वांगंही बरेच जण बहुबीज म्हणून वर्ज्य मानतात, विचारून घ्या. कच्ची केळी (फोडी दोन सेंटिमीटरच्या, पंधरा मिनिटांत शिजतात), तोंडली, परवळ आणि मटार घ्या, आल्याऐवजी अर्धा चमचा सुंठ, आणि हिंग दुप्पट. पाचम, आठम, चौदस अशा तिथींना अनेक घरांत हिरवी भाजीच खात नाहीत, तेव्हा बेत ठरवण्याआधी पंचांग बघा. स्वामिनारायण घरांसाठी हिरवा लसूण आणि हिंग काढून खोबरं आणि कोथिंबीर वाढवली की काम होतं. बटाटा, आलं चालतं.

पन्नास माणसांसाठी इतर पदार्थही असतील तर एकूण दहा किलो भाजी पुरते, त्यात पापडी अडीच-तीन किलो. वेळ आणि तेल त्याच पटीत वाढवू नका. एका भांड्यात थरांची उंची पंधरा-सोळा सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. त्यापेक्षा दोन पातेली लावा. सोडा मात्र मोजूनच: पापडीच्या किलोमागे अर्धा लहान चमचा.

उरलेलं उंधियू फ्रीजमध्ये दोन दिवस उत्तम राहतं, दुसऱ्या दिवशी मसाला अधिक मुरलेला असतो. गरम करताना रुंद पातेल्यात चार चमचे पाणी शिंपडून झाकून मंद आचेवर ठेवा. फ्रीझरमध्ये घालायचं असेल तर वांगी, केळी आणि मुठिया घालायच्या आधीच्या टप्प्यावर काढून ठेवा. बर्फातून बाहेर आलेलं वांगं पाणीदार होतं आणि केळं काळं पडतं. पापडी, दाणे आणि कंद मात्र महिनाभर टिकतात. होळीच्या सुमाराला बाजारातली पापडी जून व्हायला लागते, तेव्हा हा डबा बाहेर काढून ताजी वांगी, केळी आणि नवे मुठिया घाला.